शंभर चिंचोके आणि आठवी चिठ्ठी

"माणसाला काय हवं आहे ते त्याला विचारायचं कसं, हा तुमचा विषय," असं सर म्हणाले आणि मी त्यांच्या खोलीतून जवळजवळ पळतच बाहेर आले. सायकलचं कुलूप उघडायला मला तीन वेळा किल्ली फिरवावी लागली, इतकी घाई झाली होती. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मी एम.फिल.ला नाव घातलं होतं, आणि आमच्या अख्ख्या गल्लीत एम.फिल. म्हणजे काय हे कोणालाच माहीत नव्हतं. मला तरी कुठे धड माहीत होतं म्हणा.

विषयाचं इंग्रजी नाव दीड ओळीचं होतं. साध्या भाषेत सांगायचं तर, आपण काही निवडतो तेव्हा एकाच गोष्टीकडे पाहून निवडत नाही. साधी सायकल घ्यायची तरी किंमत, मजबुती, रंग, मागचं कॅरिअर, दुरुस्तीवाला जवळ आहे का, असं दहा बाजूंनी पाहतो. आता यातल्या कुठल्या गोष्टीला त्या माणसाच्या मनात किती वजन आहे, ते आकड्यात कसं पकडायचं? त्याच्या पद्धती अनेक. एक म्हणते, सरळ शंभरपैकी गुण द्यायला सांगा. दुसरी म्हणते, शंभर मणी द्या आणि वाटायला सांगा. तिसरी दोन-दोन गोष्टी समोर ठेवून विचारते, यातली कुठली जास्त महत्त्वाची? चौथी जरा दुष्ट आहे. ती म्हणते, यातलं एक सोडावंच लागलं तर काय सोडाल? एकाच माणसाला चारही पद्धतींनी विचारायचं आणि उत्तरं जुळतात का ते पाहायचं, हे माझं काम. जुळली नाहीत तर कुठली पद्धत खरं बोलते तेही सांगायचं.

मला वाटलं, मिळालं! जगातल्या सगळ्या भांडणांचं औषध माझ्या हाती आलं. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि कोष्टक आखलं की माझा विश्वास बसायचा.

नमुने म्हणून मी वसतिगृहातल्या मुलामुलींना सायकलबद्दल विचारायला सुरुवात केली. पण ज्याला सायकल घ्यायचीच नाही त्याला विचारून काय मजा? तो हसत हसत काहीही आकडे देतो आणि चहा प्यायला जातो. मला खरा निर्णय हवा होता. आणि तो आमच्या घरातच, जेवणाच्या पाटावर रोज धुमसत होता.

आम्ही जुन्या वस्तीत राहत होतो, गांधीबागेपासून पायी दहा मिनिटांवर, भाड्याच्या घरात. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्याने अगदी हात जोडून सांगितलं की अक्षय तृतीयेपर्यंत घर मोकळं करून द्या. माणूस चांगला होता, सव्वीस वर्षांत त्याने कधी आवाज चढवला नव्हता, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. बाबा त्याच वर्षी शाळेतून निवृत्त झाले होते. एकदाच, आयुष्यातलं एकमेव घर घ्यायचं होतं. जिथे घेऊ तिथेच आईबाबांचं उरलेलं आयुष्य जाणार होतं.

पर्याय तीन होते. बाबांना रामटेककडे गावी जायचं होतं. तिथे भावांच्या शेजारी त्यांच्या वाट्याची जागा होती, पलीकडे धानाच्या बांध्या होत्या. दादाला शहराबाहेर निघालेल्या नव्या लेआउटमध्ये प्लॉट घ्यायचा होता. त्याने नवी स्कूटर घेतली होती आणि मोकळा रस्ता पाहिला की त्याला शहर आपलं वाटायचं. तिसरं घर आमच्याच गल्लीच्या तोंडाशी होतं. दोन खोल्या, पाठीमागे बंद भिंत, भर दुपारी दिवा लावावा लागेल असा अंधार. ते आम्ही केवळ यादी भरायला धरलं होतं.

आणि आई? तिला विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं. "मले काय वं, तुम्ही जिथं राहान तिथं मी."

मी ठरवलं की या वाक्याच्या मागे जायचंच. चार पद्धती आहेत ना माझ्याकडे!

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून मी सात चिठ्ठ्या केल्या. घर निवडताना ज्या सात गोष्टी महत्त्वाच्या, त्यातली एकेक प्रत्येकीवर. नळाचं पाणी. उजेड आणि वारा. अंगण. बाजार. दादाचं ऑफिस. बाबांची शेती. माझं विद्यापीठ. चिठ्ठ्या इतक्या सुबक झाल्या होत्या की मी त्या सरांनाही दाखवल्या. सर म्हणाले, यादी घरच्यांना विचारून केली का? मी म्हटलं, सर, घर माझंच आहे, मला माहीत आहे. हे उत्तर पुढे मला चांगलंच भोवलं.

पहिली पद्धत, गुणांची. रविवारी सकाळी तिघांना ओळीत बसवलं आणि शंभरपैकी गुण द्यायला सांगितले. दादाने मिनिटभरात कागद परत केला. ऑफिसला शंभर, बाकी सगळ्यांना शून्य. "घे. संपलं तुयं एम.फिल." बाबांनी अर्धा तास घेतला, लाल शाईचं पेन काढलं, आणि शेतीला अठ्ठावन्न गुण दिले. तेच सगळ्यात जास्त. मी म्हटलं, बाबा, तुमचा जीव आहे ना शेतीत, मग अठ्ठावन्नच का? ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "साठ म्हंजे फर्स्ट क्लास. फर्स्ट क्लास असा रस्त्यावर पडला नाई राहत बाई." पस्तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेला हात तो, साठाच्या वर जाईचना.

आईने सातही चिठ्ठ्यांना पस्तीस-पस्तीस गुण दिले.

"अवं आई, सगळ्यांना सारखे?"

"मंग? कोणाले नापास कायले करू? पस्तीसले पास होते ना?"

मी पोट धरून हसले आणि लगेच वहीत लिहून घेतलं. एकाच घरात तीन माणसांचे तीन शंभर निघाले होते! एकाचा शंभर म्हणजे हट्ट, एकाचा अठ्ठावन्नावर थांबणारा, आणि एकीचा पस्तिसावर. ही पद्धत माणसाची आवड मोजत नाही, तो शाळेत मार्कांकडे कसा बघायचा ते मोजते, असं मी ठळक अक्षरात लिहिलं. त्या रात्री मला आनंदाने झोप येईना.

दुसऱ्या पद्धतीला मणी हवे होते. आमच्याकडे मणी कुठले, पण चिंच फोडून काढलेल्या चिंचोक्यांचा डबा होता. शंभर चिंचोके मोजले, सात वाट्या मांडल्या, प्रत्येकीत एकेक चिठ्ठी. जी गोष्ट जास्त महत्त्वाची तिच्या वाटीत जास्त चिंचोके. यात सगळ्यांना पास करायची सोय नव्हती, कारण एकीकडे वाढवले की दुसरीकडे कमी होणार. आता बघू आई काय करते, असं म्हणत मी पदर खोचून, म्हणजे ओढणी खोचून, समोर बसले.

आईने चिंचोक्यांचा डबा डाव्या हातात घेतला, उजव्या हाताने वाटायला लागली, आणि मला काही क्षण कळेचना की हे दृश्य मी कुठे पाहिलं आहे. मग कळलं. ती वाढत होती. पंगतीला वाढावं तसं. पहिली मूठ बाबांच्या शेतीच्या वाटीत, दुसरी दादाच्या ऑफिसच्या, तिसरी माझ्या विद्यापीठाच्या. मग बाजार, कारण पिशवी उचलून बाबांनाच जावं लागतं. मग पाणी, ते सगळ्यांनाच लागतं. पुन्हा एकदा पहिल्या तिघांकडे फिरली, थोडं थोडं आणखी घातलं, "पुरन ना एवढं?" असं तोंडातल्या तोंडात म्हणाली सुद्धा. शेवटी उजेड आणि अंगण या दोन वाट्या राहिल्या. दिवसभर घरात तीच असायची, उजेड तिला लागायचा, पापड-सांडगे वाळवायला अंगणही तिलाच. डब्यात पाच चिंचोके उरले होते. तीन उजेडाला, दोन अंगणाला. तळाशी उरेल ते आपलं, हा तिचा जन्माचा हिशोब तिने माझ्या प्रयोगातही चुकवला नाही.

मी चिडले. कोणावर ते कळत नव्हतं, पण जाम चिडले. "आई, हे तुझं तुझं सांगायचं होतं! आमचं नाही!"

"माहंच तर सांगून राहिली," ती म्हणाली आणि चिंचोके पुन्हा डब्यात भरायला लागली.

खरं सांगते, त्या क्षणी मला विषयाची जी गोडी लागली ती त्याआधी नव्हती. पुस्तकात लिहिलेलं असायचं की ही पद्धत सोपी आहे, कोणालाही जमते. पण ज्या बाईने आयुष्यभर स्वतःला शेवटी वाढून घेतलं तिच्या हाती डबा दिला की काय होतं, हे त्या पुस्तकात कुठे होतं? ते मी पाहिलं होतं, आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर! सरांना कधी सांगते असं झालं होतं.

तिसरी पद्धत, जोड्यांची. सात गोष्टींच्या एकवीस जोड्या होतात. मी प्रत्येक जोडी आईसमोर धरायची आणि तिने एकीवर बोट ठेवायचं. यावर माझा फार भरवसा होता, कारण दोनच गोष्टी समोर असल्या की पळवाट राहत नाही. पाणी की अंगण? "पाणी. कोरड्या अंगणाले काय चाटाचं हाय?" अंगण की बाजार? "अंगण. बाजार काय रोज लागते?" वा, म्हणजे पाणी वर, अंगण मधे, बाजार खाली. चांगलं चाललं होतं. सात-आठ जोड्यांनंतर आलं, बाजार की पाणी? आणि आई म्हणाली, "बाजार."

"अवं, असं कसं? आत्ताच तर पाणी अंगणापेक्षा मोठं, अंगण बाजारापेक्षा मोठं म्हणालीस!"

"पाणी मी आणीन ना डोक्यावर. पण यांच्या गुडघ्याले बाजार दूर झाला तं कसं होईन?"

गोल झालं होतं. पाणी अंगणावर भारी, अंगण बाजारावर भारी, बाजार पुन्हा पाण्यावर भारी. संख्याशास्त्रात याला विसंगती म्हणतात, आणि विसंगती मोजायचंही सूत्र आहे. मी सूत्र लावलं. आईचा आकडा माझ्या सगळ्या नमुन्यांत सर्वांत वाईट निघाला, वसतिगृहातल्या त्या चहाबाज पोरांपेक्षाही वाईट.

सरांनी कागद पाहिला आणि पेन्सिलने कोपऱ्यात फुली मारली. "हा नमुना काढून टाका. उत्तर देणाऱ्याला स्वतःलाच काय हवं ते माहीत नाही."

सर वाईट नव्हते. त्यांनी नियमाप्रमाणेच सांगितलं. पण माझ्या कानशिलात रक्त चढलं. तीच ती बाई, जी बाजारात भिवापुरी मिरचीच्या पाच ढिगांसमोर उभी राहून एकेका मिरचीचं नाक मोडून, हुंगून, दोन मिनिटांत सांगायची की हा ढीग गेल्या वर्षीचा आहे आणि याच्यात पाणी मारलं आहे. तिला काय हवं ते माहीत नाही? घरी परत येताना मी इतक्या जोरात पायडल मारत होते की चेन पडली.

चौथी पद्धत उरली होती. सोडण्याची.

मार्च संपत आला होता आणि वर्षाच्या तिखटाच्या मिरच्या घरी आल्या होत्या. मिरच्या खुडायच्या दिवशी आमच्या मागच्या दारासमोरच्या ओट्यावर दोन पोती उपडी व्हायची, एक आमचं आणि एक मागच्या घरच्या मावशीचं. ही मावशी नात्यातली नव्हती. आमच्या घराची पाठ आणि त्यांच्या घराचा ओटा समोरासमोर, मधे एक बोळ. तिचे यजमान मिलमध्ये होते, त्यांच्या दारावर बुद्धाची तसबीर होती. आई लग्न होऊन या घरात आली तेव्हा आमच्यातली थोरली माणसं त्या घरचं पाणी घेत नसत. आईने यावर कधी वाद घातला नाही. एका उन्हाळ्यात तिने आपलं मिरचीचं पोतं उचललं आणि बोळ ओलांडून सरळ त्यांच्या ओट्यावर उपडं केलं, आणि दुपारी तहान लागली तेव्हा तिथल्याच माठातलं पाणी प्यायली. घरी चार दिवस कोणी बोललं नाही, पाचव्या दिवशी बोलायला लागले. तेव्हापासून दरवर्षी मिरच्या दोघींच्या एकत्रच खुडल्या जायच्या. हे मला लहानपणापासून ऐकून माहीत होतं, आणि माहीत असूनही मी काय दिवे लावले ते पुढे सांगतेच.

तर त्या दुपारी दोघी ओट्यावर बसून देठं खुडत होत्या. नाकाला पदर बांधलेले, मधे लालभडक ढीग. मी सात चिठ्ठ्या घेऊन गेले. हात कामात असले की आई मोकळी बोलते हे मला ठाऊक होतं, म्हणून मुद्दाम तीच वेळ साधली. मीही देठं खुडायला बसले आणि सुरू केलं. "आई, समज या सातातली एक गोष्ट सोडावीच लागली. कुठली सोडशील?"

"अंगण."

"बरं. आता सहा उरल्या. आणखी एक?"

"उजेड."

"मग?"

"पाणी. सांगतलं ना, आणीन म्हणून." तिने बाजार सोडला, मग माझं विद्यापीठ सोडलं, "तुह्याकडे सायकल हाय." मग दादाचं ऑफिस. शेवटी शेतीची चिठ्ठी उरली. मला वाटलं, चला, निदान एक तरी उरली, बाबांसाठी का होईना. पण तिने तीही सहज बाजूला सारली. "यायची, तुह्या बाबाची, पेन्शन हाय. अन् यायच्यानं आता नांगर थोडाच धरवते?"

सातही चिठ्ठ्या सुटल्या. सुटताना तिचा चेहरा जराही हलला नाही, खुडायचा वेग कमी झाला नाही. मी रडकुंडीला आले. चौथी पद्धतही गेली! मी खरोखरच ओरडले, "आई, तुला काहीच नको आहे का या जगात?"

तेव्हा मावशी बोलली. "काहून वं पोरी, तिले छळून राहिली? जे तिचं हायच नाई ते तिनं सोडलं. त्यात काय मोठं? तिले हे इचार, का इथलं काय संग नेता येत नाई."

मी विचारलं. तसंच्या तसं विचारलं. "आई, इथलं काय सोबत नेता येणार नाही?"

आईचे हात थांबले. चार पद्धतींत, अडीच महिन्यांत, पहिल्यांदा थांबले.

"हिले," ती मावशीकडे मान वळवून म्हणाली.

मग ती ढिगाकडे बघत बोलत राहिली, आणि मी चिठ्ठ्या, वही, सगळं विसरून ऐकत राहिले. "लेआउटात मोकळं हाय, चांगलं हाय. पण दुपारच्यानं उठून मी जाऊ कोणाकडे? दादा स्कूटरवर नेऊन सोडन, तवा जाईन. न्याले येईन, तवा परत येईन. अन् रामटेककडे तं यायचे भाऊ हायेत, भावजया हायेत. तिथं मी कोणाची वहिनी, कोणाची काकू. हिच्या ओट्यावर बसली का मी कोणाचीच काई नाई राहत. दोन घटका." मावशीने तिच्या पुढ्यातल्या मिरच्या आपल्याकडे ओढून घेतल्या आणि दोघींच्या वाट्याचं खुडायला लागली.

मला आधी लाज वाटली. सात चिठ्ठ्यांत माझं विद्यापीठ होतं, दादाचं ऑफिस होतं, आणि आईचं काही म्हणून काही नव्हतं. यादी कोणाला विचारून केली, असं सर म्हणाले होते ना! सव्वीस वर्षं आईने सांभाळलेलं ते घर मी माझंच समजून लिहून मोकळी झाले होते. आणि लाजेच्या मागोमाग असा आनंद उसळला की मी उठून उभीच राहिले. पद्धती खोट्या नव्हत्या! आई विसंगत नव्हती! जी गोष्ट तिला प्यारी होती ती विचारलीच नव्हती, मग उरलेल्या सातांचं तिने काय हवं ते केलं. तिच्या लेखी त्या सगळ्या पस्तिसाच्याच होत्या. पहिल्या दिवशीच तिने खरं सांगितलं होतं आणि मी हसले होते.

मी पत्रिकेचा तुकडा फाडला आणि आठवी चिठ्ठी लिहिली. मावशीचं घर, पायी. आणि तिथेच पुन्हा सुरू केलं. हे मिळत असेल तर उजेड सोडशील? "दिवा लावीन." पाणी? "आणीन." अंगण? "हिच्या गच्चीवर वाळवीन पापड. काय वं?" मावशी म्हणाली, "वाळव ना, तुह्या बापाची हाय." दोघी हसायला लागल्या. सातही चिठ्ठ्यांवर आठवी भारी पडली, एकदाही अडखळली नाही, कुठे गोल झालं नाही. आईच्या उत्तरांत कुठेही विसंगती उरली नव्हती! मी आनंदाच्या भरात डोळे पुसायला गेले, हात मिरचीचे, आणि पुढचा अर्धा तास मावशीच्या माठाशी डोळ्यांवर पाणी मारत "सापडलं, सापडलं" असं बोंबलत होते. दोघींना वाटलं, पोरगी बह्याड झाली.

संध्याकाळी मी तिन्ही घरांचं कोष्टक नव्याने मांडलं. गल्लीच्या तोंडाचं ते अंधारं घर, जे बाजार सोडला तर एकाही गोष्टीत पास होत नव्हतं, आईच्या रकान्यात पहिलं आलं. मी कागद पाटावर ठेवला. दादाने पाहिला आणि तो भडकला. "एका ओट्यासाठी जनमभर अंधारात राहायचं काय? काहीतरी बोला ना बाबा!"

बाबा कागद वाचत होते. त्यांनी आठव्या ओळीवर बोट ठेवलं. "हे कोणी लिहिलं?"

"मी. पण उत्तर आईचं आहे."

आई आत पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला होता. मला वाटलं, यांनी आता लाल पेन काढलं आणि अठ्ठावन्न दिले तर मी हा कागद फाडून टाकीन. रामटेकची जागा हा बाबांचा जीव होता. निवृत्तीच्या आधी दोन वर्षं ते तिथल्या विहिरीबद्दल बोलत होते.

बाबांनी पेन काढलं नाही. चपला घातल्या आणि बाहेर गेले. आम्ही जेवायला थांबलो. तासाभराने ते आले, सदऱ्याला चुना लागलेला, हातात शाळेतला मोजमापाचा टेप.

"ऐकलं का," ते स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "त्या घराची मागची भिंत एकाच विटेची हाय. तिथं खिडकी काढता येते. तीन फुटी."

आत लाटण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. त्या दिवशी पहिली पोळी आली तेव्हा काय झालं ते मी पाहिलं. बाबांनी ताट पुढे केलं नाही, ते आईला म्हणाले, "तू बस आधी." ती अर्थातच बसली नाही. इतक्या लवकर कोण सुधारतं?

दादा महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. "तुया चिंचोक्यायनं आमचा प्लॉट खाल्ला," असं तो पुढे कित्येक वर्षं सांगायचा, स्वतःचा प्लॉट घेतल्यावरही. बाबा धान पेरणीला गावी जाऊन यायचे, आणि विहिरीची गोष्ट निघाली की वर्तमानपत्र उघडायचे. ते मी विसरलेले नाही. त्यांनी काय सोडलं ते कुठल्याच चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं.

सरांशी मात्र मी भांडले. आठवी गोष्ट मधेच घातल्यावर चार पद्धतींची तुलना सारखी राहत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. माझं म्हणणं, की जी यादी माणसाला न विचारता केली तिच्यावर कुठलीही पद्धत चालवली तरी आकडा खोटाच येणार, आणि तेही बरोबरच होतं. शेवटी माझ्या तीस पानांच्या प्रकरणाची त्यांनी एक तळटीप करायला लावली. तीन ओळींची. मी ती तळटीप आठ वेळा लिहिली आणि अजून मला तोंडपाठ आहे.

अक्षय तृतीयेला आम्ही सामान हलवलं. गल्लीतल्या गल्लीत, हातगाडीवर. खिडकीची जागा अजून नुसतं भोक होती, तिच्यातून ऊन थेट चुलीवर पडत होतं. दुपारी सगळी दमून पडली आणि पाहतो तर आई घरात नाही. मला माहीत होतं ती कुठे असेल. मी वाटेत गाठावी म्हणून बाहेर पडले, तर ती समोरून परतच येत होती, मान खाली, ओठ हलत होते. मला वाटलं काही स्तोत्र वगैरे म्हणते आहे. उंबऱ्याशी येऊन ती थांबली आणि वर बघून हसली.

पाण्याला किती, उजेडाला किती, अंगणाला किती, हे मी तिला अडीच महिने विचारत होते आणि तिने मला एकही खरा आकडा दिला नव्हता. आता मी काही विचारलंही नव्हतं.

"एकशे चाळीस पावलं," ती म्हणाली. "जुन्या घरून बावीस होते. जाताना मोजले, येताना मोजले. तुह्या वहीत लिहून ठेव."